लांबच्या विमानप्रवासाचं अंतर आणि वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घाईत असाल तर एवढंच घेऊन जा: दोन विमानतळांमधल्या किलोमीटरना ८५० ने भागा, आलेल्या तासांत अर्धा तास मिळवा. लांबच्या थेट उड्डाणाला साधारण तेवढा वेळ लागतो. पण पहिल्या आकड्याइतका हा दुसरा आकडा पक्का नाही. अंतर एकदा मोजलं की मोजलं, वेळ मात्र रोज बदलते. बहुतेक प्रश्न या फरकातूनच येतात.

दोन विमानतळांमधलं अंतर म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत?

प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू ठरलेला असतो. त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर असतात आणि तो बहुधा धावपट्ट्यांच्या पसाऱ्याच्या मध्याजवळ येतो. अशा दोन बिंदूंमधलं, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेलं कमीत कमी अंतर म्हणजे हवाई अंतर. रस्ते, सरहद्दी, डोंगर यांचा त्याच्याशी संबंध नाही.

पृष्ठभागावरून हा शब्द महत्त्वाचा आहे. खरीखुरी सरळ रेषा पृथ्वीच्या पोटातून जाईल. गोलावर सगळ्यात जवळची वाट असते ती बृहत्‌वृत्ताची, म्हणजे गोलाचे बरोबर दोन सारखे भाग करणाऱ्या वर्तुळाची. विषुववृत्त हे असं एक बृहत्‌वृत्त आहे. बाकीची अक्षवृत्तं तशी नाहीत, आणि पुढची गंमत यातूनच सुरू होते.

मग नकाशावर विमान वाकडं का जाताना दिसतं? सरळ गेलं तर वेळ वाचणार नाही का?

विमान सरळच जात असतं, वाकडा असतो तो नकाशा. आपल्या डोळ्यांत बसलेला जगाचा नकाशा बहुधा १५६९ साली मर्केटर या नकाशाकाराने काढलेल्या पद्धतीचा आहे. तो बनवला होता खलाशांसाठी. होकायंत्राची दिशा न बदलता जहाज नेलं तर त्याची वाट या नकाशावर सरळ रेघ दिसते, आणि त्या काळी तीच सोय हवी होती. त्याची किंमत ध्रुवांकडच्या भागाने मोजली. तिथले प्रदेश ताणले जाऊन अवाढव्य दिसतात, आणि सगळ्यात जवळची वाट कमानीसारखी वाकते.

सिडनी आणि चिलेतलं सँटियागो ही जोडी घ्या. दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, एक ३३.९५ अंश दक्षिण, दुसरा ३३.३९. नकाशा पाहून कोणीही म्हणेल की पॅसिफिक ओलांडून नाकासमोर पूर्वेला जायचं. तसं अक्षवृत्त धरून गेलं तर सुमारे १२,७७० किमी पडतात. बृहत्‌वृत्ताने गेलं तर ११,३४०. म्हणजे नकाशावरची ‘सरळ’ वाट चौदाशे किमीहून जास्त लांब, दीड तासाहून अधिक! आणि ती जवळची वाट जाते कुठून? थेट ६२ अंश दक्षिणेपर्यंत, अंटार्क्टिकाच्या अंगणातून. या मार्गावरच्या प्रवाशांना कधी कधी खिडकीतून समुद्रावरचा बर्फ दिसतो तो यामुळेच.

पटत नसेल तर पृथ्वीचा गोल घ्या, दोन शहरांवर दोरा धरा आणि ताणा. दोरा आपोआप बृहत्‌वृत्तावर बसतो. मला तरी हे सूत्रापेक्षा दोऱ्याने आधी समजलं.

हे अंतर मला स्वतःला काढता येईल का?

येईल. साइन-कोसाइन असलेलं साधं गणकयंत्र पुरतं. सिंगापूरचं चांगी आणि न्यूयॉर्कचं केनेडी घेऊ. चांगीचे अक्षांश-रेखांश १.३६ उत्तर, १०३.९९ पूर्व. केनेडीचे ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: १७७.७७ अंश. (बेरीज १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करायची.)

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.०१५५. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशातल्या फरकाच्या कोसाइनने गुणायचं: उणे ०.७५८०. दोघांची बेरीज उणे ०.७४२५. याचा उलटा कोसाइन काढला की कोन मिळतो, सुमारे १३७.९५ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किमी. गुणाकार करा: १५,३४० किमी.

अक्षांश दक्षिणेचा असेल तर उणे धरायचा. आणि गणकयंत्र अंशांवर आहे ना, रेडियनवर नाही, हे आधी बघायचं. उत्तर हास्यास्पद आलं तर दहापैकी नऊ वेळा चूक तिथेच असते.

संगणकावर हेच काम बहुधा हॅवरसाइन नावाच्या सूत्राने करतात. जवळजवळच्या दोन ठिकाणांसाठी वरची पद्धत आकड्यांच्या शेपटीत अडखळते, हॅवरसाइन अडखळत नाही. लांबच्या विमानतळांसाठी दोन्ही सारखीच.

याच जोडीचं बृहत्‌वृत्त बघा. दोन्ही रेखांशांत जवळजवळ १८० अंशांचा फरक, म्हणजे एक शहर पृथ्वीच्या या बाजूला तर दुसरं बरोब्बर पाठीमागे. त्यामुळे जवळची वाट ८७.५ अंश उत्तरेवरून, ध्रुवापासून तीनशे किमीच्या आतून जाते. सिंगापूरहून निघून न्यूयॉर्कला जायचं तर तोंड करायचं उत्तरेला! पूर्व की पश्चिम हा प्रश्नच तिथे उरत नाही.

वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा आकडा का दिसतो?

पृथ्वी चेंडूसारखी गोल नाही, ध्रुवांपाशी किंचित दबलेली आहे. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवांशी ६,३५७. कोणी तिला ६,३७१ किमी त्रिज्येचा साधा गोल धरतं, तर कोणी दबलेला आकार धरून व्हिन्सेंटीच्या १९७५ मधल्या सूत्रासारखं बारकाईचं सूत्र वापरतं. दोन्हींत फरक फार तर अर्ध्या टक्क्याचा. वरच्या उदाहरणात आपल्याला १५,३४० मिळाले, दबलेला आकार धरून १५,३४९ येतात. नऊ किमीवरून भांडण्यात अर्थ नाही, विमान तेवढे किमी उतरण्याआधीच्या एखाद्या वळणात खर्च करतं.

फरक शेकड्यांत असेल तर मात्र कारण दुसरं असतं: एकाने किलोमीटर दिलेत आणि दुसऱ्याने मैल, किंवा एकाच शहराचे दोन वेगळे विमानतळ धरलेत.

मैल, नॉटिकल मैल, किलोमीटर: कोणता आकडा धरायचा?

वैमानिक नॉटिकल मैल वापरतात. एक नॉटिकल मैल म्हणजे बरोबर १,८५२ मीटर, साधा मैल म्हणजे १,६०९ मीटर. नॉटिकल मैल कुठून आला हे कळलं की तो आवडायला लागतो: अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले, त्यातला एक भाग म्हणजे एक नॉटिकल मैल. त्यामुळे वरचा १३७.९५ अंशांचा कोन साठने गुणला की थेट ८,२७७ नॉटिकल मैल. एका तासात एक नॉटिकल मैल म्हणजे एक नॉट.

विमान खरोखर तेवढंच अंतर उडतं का?

नाही, जवळजवळ कधीच नाही. हवाई अंतर म्हणजे कमीत कमी किती, एवढंच. प्रत्यक्षात त्याहून जास्त उडावं लागतं, लांबच्या मार्गांवर कधी थोडं, कधी बरंच.

पहिलं कारण आकाशातल्या बंद दारांचं. २०२२ च्या फेब्रुवारीनंतर युरोपातल्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर सुमारे ७,८०० किमी, पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास लागायचे. सायबेरिया टाळून, एक तर उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून जाताना ते १३ तासांवर गेलं. दोन्ही शहरं जागच्या जागी, मोजलेलं अंतर तेच, आणि प्रवास साडेतीन तासांनी लांबला. अंतराचा आकडा एकट्याने किती थोडं सांगतो याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरं कारण जमिनीचं. तिबेटच्या पठारावरून विमानं फार कमी जातात. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला विमान झटपट तीन किमीच्या आसपास उतरवावं लागतं, म्हणजे प्रवाशांना मास्कशिवाय श्वास घेता येतो. तिबेटची जमीनच त्याहून उंच. मग खाली उतरायचं कुठे?

तिसरं, दोन इंजिनांच्या विमानांचा नियम. एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर ठरावीक वेळेत एखाद्या विमानतळावर पोहोचता आलं पाहिजे. फार पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटांची होती, त्यामुळे अटलांटिक ओलांडताना दोन इंजिनांच्या विमानांना किनाऱ्या-बेटांच्या आधाराने द्राविडी प्राणायाम करावा लागे. १९८५ पासून १२० मिनिटांची परवानगी मिळू लागली, पुढे १८० ची, आणि एअरबस ए३५० ला तर ३७० मिनिटांपर्यंतची. आजच्या विमानांना या नियमाचा काच फारसा जाणवत नाही, तो उरलाय मुख्यतः दक्षिण गोलार्धातल्या ओसाड समुद्रांवर.

ध्रुवीय मार्गांवर थंडीचीही काळजी असते. जेट ए-१ इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश सेल्सिअस आहे, आणि बाहेरची हवा त्याहून बरीच थंड असू शकते. टाकीतलं इंधन तितकं थंड व्हायला वेळ लागतो, पण तापमानावर लक्ष ठेवावंच लागतं. गरज पडली तर खाली, जरा उबदार हवेत यावं लागतं.

आणि चौथं कारण वारा. त्याच्यासाठी पुढचा प्रश्न.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का? अंतर तर तेवढंच आहे.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असावा.

विमानाचा वेग असतो हवेच्या तुलनेत, आणि हवा स्वतः वाहत असते. सुमारे ९ ते १२ किमी उंचीवर, म्हणजे नेमकं विमानं उडतात त्या थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे वाऱ्यांचे अरुंद पट्टे असतात, जेट स्ट्रीम. दोन्ही गोलार्धांत त्यांची दिशा तीच, पश्चिमेकडून पूर्वेकडे. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातला फरक त्यांना जोर देतो, म्हणून हिवाळ्यात ते जास्त चेकाळतात. ताशी दोनशे किमी ही तर रोजची गोष्ट, कधी वेग साडेतीनशेच्याही वर जातो.

एक छोटा किस्सा इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. वासाबुरो ओईशी या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची मोजमापं केली होती. जगाने वाचावं म्हणून त्याने ती एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापली, आणि म्हणूनच ती फारशी कोणी वाचली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून गेलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना हे वारे अंगावर घेऊन कळले.

आता न्यूयॉर्क-लंडन बघा. अंतर सुमारे ५,५५० किमी. पूर्वेला लंडनकडे येताना वेळापत्रकात साधारण सात तास असतात, उलट जाताना आठ. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी एका बोइंग ७४७ ने न्यूयॉर्कहून लंडन ४ तास ५६ मिनिटांत गाठलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या पुढे गेला होता. ध्वनीचा वेग ओलांडला का? नाही. हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं, फक्त ती हवाच लंडनच्या दिशेने धावत होती. (खऱ्या अर्थाने ध्वनीला मागे टाकणाऱ्या काँकॉर्डने हाच प्रवास फेब्रुवारी १९९६ मध्ये २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत केला होता.)

जाताना जे गमावलं ते येताना भरून निघतं, असं वाटतं ना? निघत नाही. समजा अंतर ६,००० किमी, विमानाचा वेग ताशी ९००, वारा ताशी १००. वाऱ्याबरोबर ६ तास, वाऱ्याविरुद्ध साडेसात, एकूण साडेतेरा. वारा अजिबात नसता तर १३ तास २० मिनिटं. कारण साधं आहे: उलटा वारा तुम्हाला जास्त वेळ भेटतो, कारण तुम्ही हळू जात असता. जाण्यायेण्याच्या हिशेबात वारा दरवेळी थोडी दलाली कापतोच.

म्हणून मार्ग आखणारे लोक कमी किलोमीटरची वाट शोधत नाहीत, कमी वेळाची शोधतात. अटलांटिकवरचे हवाई मार्ग त्या दिवशीचे वारे पाहून रोज दोनदा नव्याने आखले जातात. आणि आपलं सिंगापूर-न्यूयॉर्क? ध्रुवाची वाट सगळ्यात जवळची असूनही सिंगापूरहून निघालेलं विमान बहुधा जपानच्या बाजूने पॅसिफिकवर चढतं, तिथला जेट स्ट्रीम पकडतं आणि हजारभर किमी जास्त उडूनही लवकर पोहोचतं.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेला फिरते. मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली जमीन सरकून प्रवास कमी व्हायला नको का?

नको. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमान त्या हवेत असतं. तसं नसतं तर विषुववृत्तावर जमिनीपासून उंच उडी मारणाऱ्याला ताशी १,६७० किमीचा वारा लागला असता. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम आडून होतो: जेट स्ट्रीमला पूर्वेची दिशा त्या फिरण्यामुळेच मिळते. म्हणजे पश्चिमेला जाणाऱ्याचा फायदा तर नाहीच, उलट तोटा.

सुरुवातीचा तो ८५० चा ठोकताळा कुठून आला?

लांब पल्ल्याची आजची विमानं ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८५ पट वेगाने उडतात. ११ किमी उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं, तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६० किमी. म्हणजे विमानाचा वेग ताशी ९०० च्या जवळपास. त्यातून वळसे आणि वारे यांची घट धरली की ८५०. वर चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंत सरपटणं यांसाठी तो अर्धा तास.

पडताळून बघा. पर्थ ते लंडन १४,५०० किमी. ८५० ने भागल्यावर १७ तास, अधिक अर्धा तास. २०१८ च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या या थेट उड्डाणाला साधारण तेवढाच वेळ लागतो. सिंगापूर-न्यूयॉर्कला उत्तर साडेअठरा येतं, तेही जमतं. पूर्वेला जात असाल तर आलेल्या वेळेतून थोडं कमी करा, पश्चिमेला जात असाल तर मिळवा. उत्तर-दक्षिण प्रवासात हात लावू नका. हजारभर किमीच्या छोट्या उड्डाणांना हा हिशेब ढोबळच, कारण तिथे चढ-उतारातच निम्मा वेळ जातो.

विमान हवेत कमी वेळ असतं, मग तिकिटावर जास्त वेळ का लिहितात?

तिकिटावरची वेळ असते दारापासून दारापर्यंतची: विमान निघताना जागेवरून हललं तेव्हापासून ते पोहोचून जागेवर थांबलं तोपर्यंत. गर्दीच्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत जायलाच वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात. उतरतानाही आकाशात घिरट्या घालत पाळी येईपर्यंत थांबावं लागू शकतं.

शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी हवा भरून ठेवतात. मार्गावर पंधरा मिनिटं जास्त दाखवली की उशिरा निघालेलं विमानही ‘वेळेवर’ पोहोचतं. प्रवासी खूश, आकडेवारी छान. मला यात लबाडीपेक्षा शहाणपण जास्त दिसतं, कारण पुढचं विमान पकडायचं असलेल्या माणसाला आशावादी वेळापत्रकाचा उपयोग शून्य.

मी संध्याकाळी निघालो आणि त्याच दिवशी सकाळी पोहोचणार, असं तिकीट म्हणतंय. चूक आहे का?

नाही. टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघा, दहा तास उडा, लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी १० ला उतरा. हिवाळ्यात टोकियोचं घड्याळ लॉस एंजेलिसच्या १७ तास पुढे असतं, आणि वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा पूर्वेकडे ओलांडली की एक दिवस परत मिळतो. उलट दिशेने येताना तो व्याजासकट द्यावा लागतो: सकाळी ११ ला निघून बारा तास उडाल तर टोकियोत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे ४ वाजलेले असतात.

गोंधळ टाळायची युक्ती एकच. निघण्याची आणि पोहोचण्याची, दोन्ही वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे साऱ्या जगाच्या एका प्रमाणवेळेत, बदला आणि मगच वजाबाकी करा. तिकिटावरच्या दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात, त्यांची थेट वजाबाकी करून काही हाती लागत नाही. सिंगापूर यूटीसीच्या ८ तास पुढे, न्यूयॉर्क हिवाळ्यात ५ तास मागे. रात्री ११:५५ ला सिंगापूर सोडलं आणि साडेअठरा तास उडालं की न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे ५:२५. अंधारात निघायचं, अंधारात उतरायचं.

दोन शहरांतला वेळेचा फरक कायम तोच असतो का?

नसतो, आणि इथे भलेभले फसतात. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करणारे देश आहेत, न करणारे आहेत, आणि दक्षिण गोलार्धात उन्हाळाच उलट्या महिन्यांत येतो. लंडन आणि सिडनी यांच्यातला फरक म्हणूनच वर्षभरात कधी ९, कधी १०, कधी ११ तासांचा असतो. शिवाय सगळे फरक पूर्ण तासांचे नसतात, नेपाळ यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे.

थांबा घेऊन गेलं तर अंतर किती वाढतं?

कधी कधी आश्चर्य वाटेल इतकं कमी. लंडन-सिडनी थेट अंतर सुमारे १७,००० किमी. सिंगापूरमार्गे गेलं तर जेमतेम दीड-दोनशे किमी वाढतात, कारण सिंगापूर जवळजवळ वाटेवरच आहे. दुबईमार्गे पाचशेच्या आसपास. वेळ खाणारा भाग वेगळाच असतो: एक जास्तीचं उतरणं, एक जास्तीचं उड्डाण आणि मधली तिष्ठत काढलेली दोन-तीन तासांची खोटी. म्हणून थांब्याच्या प्रवासात प्रत्येक टप्प्याचा हिशेब वेगळा करा, अर्धा तासही प्रत्येक टप्प्याला वेगळा मिळवा, आणि मग मधला थांबा जोडा.

शब्दांकडेही लक्ष असू द्या. ‘डायरेक्ट’ म्हणजे विनाथांबा असेलच असं नाही. उड्डाणाचा क्रमांक एकच असला तर वाटेत थांबणारं विमानही डायरेक्ट म्हणवून घेतं. एका दमात जायचं असेल तर ‘नॉनस्टॉप’ शोधायचं.

सगळ्यात लांबचं अंतर किती असू शकतं? तिथे थेट विमान जातं का?

पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किमी, म्हणून कुठल्याही दोन ठिकाणांत २०,००० किमीच्या आसपासपेक्षा जास्त अंतर असूच शकत नाही. या मर्यादेच्या अगदी जवळ जाणाऱ्या जोड्या आहेत: माद्रिद-वेलिंग्टन सुमारे १९,८५० किमी, शांघाय-ब्यूनस आयर्स सुमारे १९,६००. अशा ठिकाणी एक गंमत घडते. समोरासमोरच्या बिंदूंमध्ये कुठल्याही दिशेने निघालात तरी अंतर जवळपास सारखंच पडतं, त्यामुळे वाट निवडायची ती निव्वळ वारा बघून.

या टोकांना जोडणारं विनाथांबा विमान नाही, आणि इथेच घोडं पेंड खातं. इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. शेवटच्या दोन तासांचं इंधन आधीचे सोळा-सतरा तास उचलून न्यायचं, आणि त्या ओझ्यासाठी पुन्हा इंधन जाळायचं. सिंगापूर-न्यूयॉर्कवर धावणाऱ्या ए३५० च्या खास आवृत्तीत इंधनाची क्षमता १,४१,००० लिटरवरून १,६५,००० लिटरवर नेली, आणि आसनं ठेवली फक्त १६१. त्यात साधा इकॉनॉमी वर्गच नाही. माणसं कमी करून इंधन भरलं, असा सरळ सौदा.

पुढची मजल लंडन-सिडनीची. नोव्हेंबर २०१९ मध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने पन्नासेक लोक बसवून हा प्रवास एका बोइंग ७८७ ने एका दमात करून पाहिला: १९ तास १९ मिनिटं. नियमित सेवेसाठी त्या कंपनीने ए३५०-१००० ची २३८ आसनांची, २०,००० लिटरची जास्तीची टाकी असलेली आवृत्ती बनवून घ्यायला दिली.

विमान दहा-अकरा किमी उंचावरून उडतं, त्याने अंतर वाढत नाही का?

वाढतं, पण नगण्य. मोठ्या गोलावरचा कंस थोडा मोठा असतो, इतकंच. १५,००० किमीच्या प्रवासात सुमारे २६ किमी, म्हणजे दोन मिनिटंही नाहीत.

शहरांची नावं घालून अंतर शोधलं आणि भलताच आकडा आला. का?

एकाच नावाची गावं. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडात नोव्हा स्कोशियातही आहे, आणि ऑस्ट्रेलिया समजून तिथे उतरलेले प्रवासी खरोखर होऊन गेलेत. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आणि अलाबामात, सॅन होजे कॅलिफोर्नियात आणि कोस्टा रिकात. शोधताना गावाचं नाव टाळून विमानतळाचा तीन अक्षरी कोड घाला. कॅलिफोर्नियाचं एसजेसी, कोस्टा रिकाचं एसजेओ. एका अक्षराने देश बदलतो, म्हणून तोही नीट वाचून.

शहर मोठं असेल तर कोणता विमानतळ हाही प्रश्न असतोच. हवाई अंतरात त्याने फारसं बिघडत नाही, पण पुढचा जमिनीवरचा प्रवास बदलतो. टोकियोचं नारिता शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किमी दूर आहे.

समोरच्या पडद्यावर ‘उरलेला वेळ’ दाखवतात, तो मध्येच वाढतो कसा?

तो आकडा वाऱ्याच्या अंदाजावर आणि आखलेल्या वाटेवर काढलेला असतो. पुढे वारा अंदाजापेक्षा जोरात निघाला, वादळ टाळायला वैमानिकाने बाजू बदलली किंवा खालून ‘वेग कमी करा, धावपट्टीवर गर्दी आहे’ असा निरोप आला, की आकडा बदलतो. उरलेलं अंतर एकसारखं घटत असताना उरलेला वेळ जागचा हलत नसेल, तर समजा की उलट्या वाऱ्याला लागलात. त्याच पडद्यावर जमिनीच्या तुलनेतला वेगही दाखवतात. तो ९०० वरून ७५० वर आलेला दिसेल.